बांधावरचा बुंधा

थोरलीच्या तळ्याचं पाणी उतरत होतं, आणि ते कोण चोरतंय हे तिनं पाणी उतरायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

बांधाखाली धाकटी राहायची. सख्खी बहीण, एका ताटात जेवलेली. वडील गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा तळं, त्याला अडवणारा मातीचा बांध आणि वरचं घर थोरलीकडे आलं. पायथ्याची जमीन आणि खालचं घर धाकटीकडे. कोणाला जास्त मिळालं यावरून दोघींचं असं वाजलं की त्यानंतर बोलणंच बंद झालं. तळ्यावर सुट्टीची माणसं पोहायला, नाव वल्हवायला येत, आणि त्यावरच थोरलीचं घर चालायचं. आता नावा धक्क्याशी चिखलात रुतायला लागल्या होत्या. पाणी आणखी उतरलं असतं तर हंगामच बुडाला असता.

"उन्हाळा आहे. पाणी उडतंय," नवरा म्हणाला. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्याला कशाचीच घाई नव्हती.

"उडतंय आणि नेमकं तिच्या वाफ्यात पडतंय, होय ना?"

धाकटीचा वाफा खरोखरच हिरवागार होता. आजूबाजूला गवताची काडी वाळलेली आणि हिच्या काकड्या मांडवावर लोंबत होत्या. थोरलीला तो वाफा रोज दिसायचा, कारण ती रोज बघायची. बांधाच्या माथ्यावर पूर्वी एक मोठं झाड होतं. भांडण झालं त्याच वर्षी तिनं ते तोडून घेतलं. "अगं, बांधावरचं झाड तोडू नये, असं तुझे वडीलच सांगायचे," नवऱ्यानं आठवण करून दिली होती. पण झाडाआड धाकटीचं अंगण दिसत नव्हतं, आणि न दिसणाऱ्या अंगणात काय काय शिजत असेल या विचारानं थोरलीला घास गिळेना. लोकांना तिनं वाळवी लागली म्हणून सांगितलं. बुंधा तेवढा राहिला. त्यावर चहाचा कप घेऊन बसायचं आणि खाली नजर ठेवायची, हा तिचा नेम झाला.

धाकटी कपडे वाळत घालताना वर बघायची. एकदा तिनं हात हलवला.

"वेडावतेय मला!" थोरली घरी येऊन फणफणली.

मग एका सकाळी फाटकाशी काकड्यांची टोपली आली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. "चोराच्या मनात चांदणं!" थोरली म्हणाली. आपल्याच पाण्यावरच्या काकड्या आपल्यालाच? तिनं टोपली उकिरड्याकडे धाडली. नवऱ्यानं ती नेली खरी, पण वाटेत मीठ लावून बऱ्याचशा संपवल्या.

पुढच्या आठवड्यात तिला पुरावाच मिळाला. बुंध्याच्या समोर, पाण्याच्या काठाला, पालापाचोळा एकाच जागी येऊन गरगर फिरत होता. पाणी आत ओढलं जात होतं. बाईनं बांधातून नळी घातली, दुसरं काय! तळं बंद असायचा वार बघून थोरलीनं कपडे रंगवायचा निळा रंग बादलीत कालवला आणि नेमका तिथं ओतला. मग पदर खोचून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ती उतारावरून खाली गेली.

वाफ्याच्या वरच्या अंगाला, बांधाच्या पायथ्याशी, निळं पाणी वाहत होतं. थोरलीला कोण आनंद झाला!

"ये बाहेर! बघ तुझी चोरी!"

धाकटी हात पुसत आली. निळ्या पाण्याकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं.

"चोरी कसली? तूच सोडतेस ना पाणी?"

"मी?"

"दोन उन्हाळे झाले. मला वाटलं ताईचा राग निवळला, पण तोंडानं सांगायला जड जातंय. म्हणून मीही बोलले नाही. काकड्या तेवढ्या ठेवून गेले."

कुठंतरी नळी असेलच म्हणून थोरली वाकून शोधायला लागली. नळी नव्हती. मातीतच भोक होतं, मूठ जाईल एवढं. तिनं ओंजळ धरली. पाणी ओघळून गेलं आणि तळहातावर गाळ राहिला.

"हे गढूळ कधीपासून येतंय?"

"कालपासून. आधी नितळ होतं."

वडील दोघींना बांधावर फिरवताना सांगायचे की मातीचा बांध पाझरणारच, पाझर नितळ असेल तर खुशाल झोपा. गढूळ आला तर बांध आतून वाहून चालला समजा. थोरलीनं वर बघितलं. भोकाच्या बरोबर वर तिचा बुंधा होता. मुळं आत कुजली होती आणि पाण्यानं त्यांचीच वाट धरली होती. आणि बांध गेला तर सगळ्यात आधी धाकटीचं घर जाणार होतं.

"तळं रिकामं करायचं. आत्ताच," ती म्हणाली.

"आणि तुझा हंगाम?"

"जळो हंगाम! वर चल. तळ्याची झडप मला एकटीला फिरवता येणार नाही."

झडपेचं पाणी बाजूच्या ओढ्यात जायचं, घराला त्याचा धोका नव्हता. पण तिचा लोखंडी दांडा दोघींनी मिळून ढकलावा लागे. लहानपणी ते काम त्यांचंच असे. भांडणानंतर त्याला कोणी हात लावला नव्हता. दोघी छातीनं रेटत राहिल्या. दांडा कुरकुरला, हलला, आणि ओढ्यात पाण्याचा लोट कोसळला. थोरलीच्या नावा एकेक करून चिखलात कलंडल्या. तिनं तिकडे पाहिलं नाही.

धाकटी दम खायला बुंध्यावर टेकली. खाली तिचं अंगण, दोरीवरचे कपडे, उघडं दार, सगळं स्वच्छ दिसत होतं.

"ताई, हे झाड खरंच वाळवीनं गेलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. वाळवी म्हणून मोकळं व्हायचं, पण थोरलीला आता ते जमेना.

"नाही. मीच तोडलं. तू दिसावीस म्हणून. तुझ्यावर पाळत ठेवायला."

धाकटीनं बुंध्यावरून हात फिरवला.

"रोज बसायचीस इथं," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझी आठवण येते तुला. म्हणून हात हलवला होता."