थायरॉइडची बाटली

लग्न ठरलं त्या आठवड्यात टाचणीच्या आईने पहिलं काम कोणतं केलं असेल, तर लेकीचा आजार बदलला.

खरा आजार मनाचा होता. लग्नाच्या काही वर्षं आधी टाचणीची झोपच उडाली होती. भलत्या वेळी भलत्या माणसांना फोन करायची, अखंड बोलायची, आणि शेवटी तिला महिनाभर दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. डॉक्टरांनी गोळी दिली, ती लागू पडली, आणि रोज रात्री जेवणानंतर ती घेतली की टाचणी चारचौघींसारखी होती. पण चारचौघींसारखं राहायला आपल्या मुलीला गोळी लागते, हे मुलाकडच्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? तेव्हा आईने थायरॉइड निवडला. "हल्ली कुणाला नसतो?" असं म्हणून तिने मामीकडची थायरॉइडच्या गोळ्यांची रिकामी बाटली धुऊन, वाळवून घेतली आणि मनाच्या गोळ्या पाकिटातून सोलून तिच्यात भरल्या. दर महिन्याला ती अशी भरून पाठवणार होती. काम चोख झालं होतं. लेबलसुद्धा सुटलं नव्हतं.

या हुशार बाईने एवढाच विचार केला नाही, की मुलाची आई रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला आहे.

टाचणीच्या सासूबाईंना सगळी गल्ली रक्तवाली मावशी म्हणायची. शीर सापडत नाही म्हणून बाकीच्यांनी हात टेकले की मावशींना बोलावणं यायचं. बाई मनाने उदार, हाताने हलकी आणि बोलायला फटकळ. "माझ्या हातचा रिपोर्ट आजवर चुकला नाही," हे त्या ओळख झालेल्या प्रत्येकाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवत. सून घरात आली त्या पहिल्याच रात्री, जेवणानंतर तिने बाटलीला हात घातलेला त्यांनी पाहिला आणि तिथेच अडवलं.

"अगं वेडे, थायरॉइडची गोळी रात्री घेतात होय? सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी! कुठल्या डॉक्टरने सांगितलं तुला हे?"

वेडे हा शब्द त्यांनी लाडाने वापरला होता. टाचणीने घाईने बाटलीचं झाकण लावलं. "विसरलेच मी, अहो आई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई स्वतः तिला उठवून पाण्याचा पेला आणि गोळी हातात द्यायला लागल्या. वर अर्धा तास चहा नाही. माणसाला झोपवणारी ती गोळी टाचणी दिवस उजाडताना घ्यायची आणि त्यानंतर कामावर जायची.

काम होतं तयार कपड्यांच्या दुकानात, मागच्या खोलीत. गिऱ्हाइकाने घेतलेली पँट आखूड करायची, कंबर सैल करायची, बाही उसवून पुन्हा बसवायची. तिथे आली तेव्हा ती सडपातळ आणि कामात टोकदार होती, म्हणून तर हे नाव पडलं. आता तिच्या डोळ्यांवर दुपारपर्यंत झापड असायची आणि अंग सुटत चाललं होतं. "टाचणी कसली, टाचण्यांची उशी झाली आपली!" काज करणारी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. टाचणीही हसली. त्याच आठवड्यात मशीनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली, तेव्हा कुणी हसलं नाही. मालकीणबाई मात्र म्हणाल्या, "जागी राहून काम करणार असशील तर ये."

घरीही तेच. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, दिवसभर अंधाऱ्या पोकळीत लटकून यायचा आणि बायकोशी दोन शब्द बोलावे म्हणून बसायचा, तर ती ऐकता ऐकता मान टाकायची. "माझं बोलणं म्हणजे अंगाईच दिसतेय," असं तो आधी थट्टेने म्हणायचा, पुढे नुसताच उठून जायला लागला.

तिने आईला फोन केला. "मी खरं सांगून टाकते यांना. गोळी रात्री घेतली की सगळं ठीक होईल."

"सांग आणि बॅग भर," आई म्हणाली. "तुझ्या पाठची अजून उजवायची आहे मला. जरा झोप येते एवढंच ना? सगळ्यांना येते."

इकडे सासूबाईंना वेगळीच काळजी लागली. झोप, सुटलेलं अंग, आळस, सगळी लक्षणं थायरॉइडची! म्हणजे गोळी पुरत नसणार. त्यांनी स्वयंपाकघरात सुनेला खुर्चीवर बसवलं, दंडाला पट्टा बांधला आणि तिला कळायच्या आत रक्त काढूनही झालं. रिपोर्ट अगदी नॉर्मल आला. त्यांनी लॅबच्या डॉक्टरांना विचारलं. ते दुसरा रिपोर्ट वाचता वाचता म्हणाले, "कदाचित थायरॉइड नसेलच मुळात. दीड महिना गोळी बंद करून पुन्हा तपासा." बाटली उघडून आत काय आहे ते बघायचं कुणालाच सुचलं नाही. बाटलीवर लिहिलं होतं की.

"नको, अहो आई," टाचणी म्हणाली. "मला लागते ती गोळी."

"लॅबमध्ये कोण आहे, तू की मी?" सासूबाईंनी बाटली कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. हे सगळं प्रेमापोटी. प्रेमाशी भांडायचं कसं, हे टाचणीला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि खोटं कशाला बोला, तिलाही मोह पडला. काही दिवसांतच डोक्यातलं धुकं विरलं. नवऱ्याची गोष्ट तिने शेवटपर्यंत ऐकली आणि चुकीच्या जागी हसलीसुद्धा नाही. कपडे सैल व्हायला लागले. मशीनवर तिचा हात असा चालला, की काज करणारी म्हणाली, "आली गं बाई आमची टाचणी परत!" नवरा एका संध्याकाळी तिचा हात धरून म्हणाला, "अशीच राहा." सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या. टाचणीची आई फोनवर रडली. "बघ, कदाचित गरजच नसेल आता." एवढी माणसं एकदम सुखी झाली, ती फक्त एका गोळीच्या नसण्याने. टाचणीलाही वाटलं, असेल बाई, खरंच गरज नसेल.

मग थकवा नाहीसा झाला. ही खूण तिला पाठ होती. दोन तास झोपून ती ताजीतवानी उठायला लागली, दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे लावायला लागली, मग ती मोडून पुन्हा दुसऱ्या क्रमाने. मशीनची टकटक तिच्याशी काहीतरी बोलत होती, आणि ते कळायला अगदी थोडंच बाकी होतं. मागच्या वेळी नळाचं पाणी बोलायचं. ती मनातून हादरली आणि सरळ सासूबाईंपुढे जाऊन उभी राहिली.

"ती बाटली द्या मला. आजच द्या."

"परवा तर रक्त घ्यायचंय! आता एक गोळी घेतलीस की सगळं पाण्यात."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो इतक्या आनंदात तिच्याकडे बघत होता, की तिला पुढे बोलवेना.

रक्त दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंचा सासूबाईंना लॅबमध्ये फोन गेला. "ताबडतोब या. तुमच्या सुनेला घेऊन जा."

सासूबाई पर्समध्ये नवा, पुन्हा नॉर्मलच आलेला रिपोर्ट घेऊनच धावल्या. मागच्या खोलीत टाचणी जमिनीवर बसली होती आणि तिच्याभोवती गिऱ्हाइकांचे तयार कपडे पडले होते, एकूण एक उसवलेले. बाह्या वेगळ्या, पाय वेगळे, कॉलर वेगळ्या. तिच्या हातात उसवायचा आकडा होता आणि तो थांबत नव्हता.

"गुदमरतात हो लोक," ती भरभर बोलत होती. "सगळ्यांना घट्ट होतंय, कुणी बोलत नाही."

सासूबाई खाली बसल्या, त्यांनी तिचं मनगट धरलं. त्या धरण्याने असेल, पण टाचणी क्षणभर सावरली. तेवढ्यात तिने सगळं सांगून टाकलं. आजार कोणता, गोळी कशाची, दवाखाना, आईने भरलेली बाटली. "मला थायरॉइड कधीच नव्हता. मला हे आहे. ती गोळी द्या, आणि रात्री द्या. मी बरी होते तिने, खरंच होते."

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. "बाहेर कुणी ऐकलं नाही ना?"

मग त्या मालकीणबाईंकडे गेल्या. "थायरॉइड फार वाढलाय तिचा."

"थायरॉइडने असं होतं?"

"होतं," सासूबाई म्हणाल्या. लॅबमधली बाई सांगतेय म्हटल्यावर मालकीणबाई काय बोलणार!

मुलाला "महिनाभर माहेरी विश्रांती" असं सांगून त्यांनी टाचणीला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरांकडे नेलं, जिथे रक्तवाल्या मावशीला कुणी ओळखत नव्हतं. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली आणि दोनदा बजावलं, रात्री, जेवणानंतर. सासूबाईंनी दोन्ही वेळा मान हलवली. माहेरी त्या दर दोन दिवसांनी येत, फळं कापून भरवत. हे सगळं त्यांनी मनापासून केलं, कुणी नाही म्हणणार नाही.

महिन्याने टाचणी परत निघाली तेव्हा सासूबाईंनी पर्समधून तीच बाटली काढली, तेच लेबल. आत नव्या गोळ्या सोलून भरलेल्या.

"सकाळीच घ्यायची," त्या म्हणाल्या.

"अहो आई, डॉक्टर रात्री म्हणाले. तुमच्यासमोर म्हणाले."

"थायरॉइडची गोळी रात्री कोण घेतं? तो विचारणार नाही?"

"मग त्याला खरं सांगू या ना. राहायचं की नाही ते त्याला ठरवू दे."

"माझ्या मुलाचा संसार आहे तो," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, आवाज मात्र सुईसारखा सरळ होता. "तो त्याला ठरवायला देऊन मी मोडू?"

सकाळी त्यांनी तिला उठवलं. पेला दिला, गोळी दिली. दुकानातही तिला परत घेतलं होतं, पण फक्त बटणं लावायला. मशीनला हात लावायचा नव्हता. नवरा दाढी करता करता बाहेर आला आणि दोघींकडे बघत राहिला. गोळी बंद होती त्या दीड महिन्यातली ती हसरी बायको तो अजून शोधत होता.

"पुन्हा सुरू केलीस का गं ही गोळी?" त्याने विचारलं. "रिपोर्ट तर नॉर्मल होता ना, आई? तूच सांगितलंस."

टाचणीने सासूबाईंकडे पाहिलं. आता तरी, असं तिला वाटलं. गोळी जिभेवर होती.

सासूबाईंनी हातातला पेला तिच्या ओठांपर्यंत नेला.

"चुकला होता रिपोर्ट," त्या म्हणाल्या.