उजवं पाऊल चार बोटं मागे

"डोळे मिटा. पिस्तूल वर. दोन श्वास घ्या, अंग सैल सोडा... हं, उघडा आता. कुठे गेलं टोक?"

"डावीकडे, सर," जावई म्हणाला.

"बरं," मास्तर म्हणाले आणि गप्प बसले.

मास्तर आणि गप्प! चांदमारीच्या मैदानावर कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. तीस वर्षं ते पहारेकऱ्यांना नेमबाजी शिकवत होते आणि तीस वर्षं एकच गोष्ट घसा फोडून सांगत होते. अरे बाबांनो, नेम हातात नसतो, पायात असतो! डोळे मिटून अंग सैल सोडलं की पिस्तूल जिकडे वळेल, ती तुमच्या अंगाची खरी दिशा. ती निशाणावर नसेल तर हाताने ओढू नका. ओढून आणलेला हात घोडा दाबताना मूळ जागी पळतो. पाऊल सरकवा, म्हणजे अख्खं अंग वळेल. एवढं सांगूनही कुणी ऐकलं नाही, तर मास्तर मागून येत आणि आपल्या बुटाने त्याचा बूट हवा तिथे ढकलत. म्हणून सगळे त्यांना पायमास्तर म्हणत. त्यांच्या हाताखालचा एकही माणूस आजवर नापास झाला नव्हता.

जावई मात्र दुसऱ्या मैदानावर दोनदा नापास झाला होता आणि वर्षभर नुसती काठी घेऊन फाटकावर उभा होता. आज तिसरी, शेवटची संधी. साहेबांनी मोठ्या कौतुकाने त्याला सासऱ्याकडेच पाठवलं होतं. चूक तर पहिल्या क्षणीच दिसली होती. उजवं पाऊल चार बोटं मागे घेतलं की काम फत्ते. आणि नेमकं तेवढंच मास्तरांना सांगायचं नव्हतं.

काल संध्याकाळी लेकीचा फोन आला होता. आवाज इतका बारीक, की मास्तरांना टीव्ही बंद करावा लागला.

"बाबा, उद्या ह्यांना पास होऊ देऊ नका."

"असं काय बोलतेस, बाळ? त्यांच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"पास झाले की पिस्तूल घरी आणायची मुभा मिळते. कुठे ठेवायचं तेही ठरलंय. माझ्या कपड्यांच्या कप्प्यात. म्हणाले, रोज कपडे काढताना तुझा हात लागला पाहिजे त्याला."

दोन महिन्यांपूर्वी लेकीच्या मनगटाला प्लास्टर होतं. पायरीवरून पडले, म्हणाली. दहा पावलांवरून कुणाची टाच उचललीय हे ओळखणाऱ्या माणसाने ते ऐकून घेतलं. विश्वास बसला नव्हताच. फक्त पुढे विचारलं नाही. घरातलं घरात राहू दे, चारचौघांत शोभा कशाला, अशी स्वतःची समजूत घालत दोन महिने काढले. आता त्या दोन महिन्यांची त्यांना मनापासून लाज वाटत होती.

सरावाच्या पाचही गोळ्या डावीकडे गेल्या. जावयाने मान वळवली. किती सालस चेहरा! "काय चुकतंय, सर?"

"काही नाही. हात घट्ट धरा आणि ओढून निशाणावर आणा."

तीस वर्षांत पहिल्यांदा मास्तर शिकवताना खोटं बोलले. कान तापले त्यांचे. पण मनातून हायसं वाटलं. आता परीक्षेच्या पाच गोळ्या राहिल्या. त्यातल्या चार काळ्या वर्तुळात लागायला हव्यात, आणि असं उभं राहून दोनही लागणार नव्हत्या. साहेब कागद घेऊन मागे येऊन थांबले. जावयाने पिस्तूल उचललं. मास्तर त्याच्या पाठीशी उभे होते, पण डोळ्यांपुढे होता तो कपड्यांचा कप्पा, आणि त्यात चाचपणारा लेकीचा हात.

पहिली गोळी बरोबर मधोमध लागली.

मास्तर दचकले. दुसरी तिच्याच शेजारी. मग त्यांनी खाली पाहिलं. त्यांचाच उजवा बूट जावयाच्या बुटाला टेकला होता. कधी ढकललं, त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. पाऊल चार बोटं मागे गेलं होतं, अगदी मोजून मापून. तिसरी. चौथी. पाचवी.

"वा, पायमास्तर!" साहेब हसले. "जावयाला तारलंत की! करा सही."

"तुमचीच कृपा, बाबा," जावई म्हणाला आणि पिस्तूल टेबलावर परत ठेवून हात पुसू लागला.

मास्तरांनी कागद घेतला. शिफारशीच्या रकान्याखाली एक रिकामी ओळ होती. ती भरताना आजवर कुणाला त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं. मग ते साहेबांना वाचता येईल असं धरलं आणि वर तोंडानेही सांगितलं.

"याला शस्त्र देऊ नका, साहेब. हा घरी बायकोला मारतो. ती माझी मुलगी आहे."

साहेबांचं हसू तसंच अर्धवट राहिलं. "मास्तर, अहो... हे मला वर पाठवावं लागेल."

"पाठवा."

"निर्णय माझ्या हातात नाही."

"ठाऊक आहे मला."

मागे वळून बघतात तर जावई नव्हता. फाटकाबाहेर मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. मास्तरांनी घाईघाईने फोन लावला.

"बाळ, आतून कडी लाव. मी निघालोच."

"कडी नाहीये, बाबा. मागच्या महिन्यात ह्यांनी काढून टाकली."

"मग बाहेर पड! आहेस तशी नीघ. जिथे माणसं असतील तिथे जाऊन थांब."

मास्तर रिक्षातून उतरले तेव्हा ती घरासमोरच्या औषधांच्या दुकानात उभी होती, हातात नुसता फोन. रस्त्यापलीकडे पहिल्या मजल्यावर गॅलरीत जावई कठड्यावर कोपरं टेकून उभा होता.

"या ना बाबा," तो गोड आवाजात म्हणाला. "वर या. हिलाही आणा. बसून बोलू."

लेकीने तिकडे पाहिलं नाही. "काय लिहिलंत तुम्ही, बाबा?"

मास्तरांनी सांगितलं. ते बोलले हळूच. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती.

"मोठ्याने सांगा," ती म्हणाली.

मास्तरांनी पुन्हा सांगितलं, मैदानावरच्या आवाजात. गिऱ्हाइकांनी ऐकलं, दुकानदाराने ऐकलं. समोरची गॅलरी रिकामी झाली.

दुकानदाराने हातातली औषधाची पट्टी खाली ठेवली. "ताई, तुम्ही आत बसा," म्हणाला आणि स्वतः बाहेर आला. त्याने शटर अर्धं खाली ओढलं. मग तो आणि मास्तर, दोघंही पायरीवर उभे राहिले.