ओढ्यावरच्या पुलाची चालती भेग

"सरकली! भेग सरकली!" पुलावर नुसता कालवा चालला होता. मेढ्याकडच्या आमच्या ओढ्यावरचा पूल रेल्वेच्या जुन्या रुळांवर उभा. एका रुळाला तडा गेला. मलकापूरच्या सयाजीनं वेल्डिंग केलं, तर जोडाच्या बोटभर शेजारी नवी भेग! तीही जोडली, तर तिच्याशेजारी तिसरी.

केरबा भगत घुमायला लागला. "लोखंडाला जाग आलीया! पांढऱ्या कपाळाचं पाऊल ओढ्याच्या आईला चालत न्हाई!"

झालं! हरणाबाईचा नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेलेला, अन् तिचं शेत ओढ्यापलीकडं. पंचांनी तिला पूल बंद केला. तिकडं तिचा ऊस वाळत होता आणि इकडं सगळे शहाणे माना डोलवत होते. माझं तर डोकंच फिरलं.

"मास्तर, तुमी शाळंत विज्ञान शिकवा," बाळासो पाटील म्हणाले. "भेग डोळ्यांनी दिसती का न्हाई?"

"दिसते. पण वेल्डिंग झाल्या झाल्या तुम्ही काय करता?"

"केरबा तीर्थ वततो, घागरभर. आई चुर्र करून बोलती!"

"कपाळ माझं! तापल्या लोखंडावर पाणी चुरचुरणारच!"

मी तसल्याच जुन्या रुळाचे दोन तुकडे आणले. सयाजीनं दोन्हींवर एकेक पट्टी जोडली. एक तुकडा गरम राखेत पुरला, दुसऱ्यावर केरबानंच तीर्थ ओतलं. सकाळी चावडीपुढं घण घातला. राखेतला टिकला. तीर्थातला जोडाशेजारीच तडकला!

"अरे, लोहार विळ्याला पाणी देतो ना? जास्त दिलं की धारेचे टवके उडतात. तसंच हे. रुळाचं पोलाद लाल असताना एकदम गार केलं की काचेसारखं ठिसूळ होतं. दर वेळी नवा जोड, नवं पाणी, नवी भेग!"

"बघा, तीर्थाची ताकद! पोलाद फोडतंय!" केरबा ओरडला. आणि निम्म्या गावानं हात जोडले हो! काय बोलावं या लोकांपुढं?

तेवढ्यात हरणाबाई पुढं आली. "आवं पाटील, मग माझ्या पायानं काय मोडलं?"

पाटलांनी मान खाली घातली.

मीच बोललो, "बाबांनो, पाणी ओतलं केरबानं आणि शिक्षा भोगली हिनं. पुढच्या वेळी काही मोडलं, तर बाईचं कपाळ बघू नका. आधी घागर कुणाच्या हातात होती, ते बघा."