तपासणीआधीचा शेरा

आमच्या वर्गातली शेगडी वर्षातून एकदाच सकाळपासून धगधगायची, डॉक्टर येत त्या दिवशी. एरवी कोळसा कुलपाआड आणि पोरं गारठ्यात. हॉलिनरॉइडच्या गिरणी वस्तीतली ही शाळा. भिंतींना ओल आलेली, बुरशीवर दरवर्षी चुन्याचा एक हात. हेडमास्तर क्रॅग त्यालाच डागडुजी म्हणत.

मी तिथली शिक्षिका, एडिथ ओल्ड्रॉइड. तपासणीच्या आदल्या दिवशी माझ्याकडे एक काम असे. मुलांच्या सत्तर आरोग्य-कार्डांवर ‘पोषण’पुढे ‘साधारण’ असं आधीच लिहून ठेवायचं. डॉक्टर पेल्यूंना दुपारी दुसरी शाळा उरकायची असे, तेवढाच वेळ वाचे. अकरा वर्षं मी हे वळणदार अक्षरात केलं. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

चौतीस सालच्या जानेवारीत हिल्डा थॉर्पचा नंबर आला. आठ वर्षांची पोर सहा महिने खोकत होती. डॉक्टरांनी शिफारस केली तर तिला टेकडीवरच्या मोकळ्या हवेच्या शाळेत जागा मिळणार होती. तिथे कोरड्या खोल्या होत्या, रोजचं दूध होतं. तिची आई ॲनी त्याचसाठी गिरणीतला अर्धा दिवस बुडवून आली होती.

डॉक्टरांनी नळी छातीला लावली न लावली तोच म्हणाले, “साधारण. पुढची.”

“पुढची कशी? हिचं झालं कुठं?” ॲनी हलेना.

“बाई, रांग मोठी आहे.”

“रांगेचं मला नका सांगू, जन्म रांगेतच गेलाय. बरगड्या मोजून घ्या पोरीच्या. ह्या साधारण?”

“या शाळेच्या मानानं साधारणच.”

“म्हणजे सगळीच मरतुकडी, म्हणून माझी धडधाकट?”

रांगेतून मिसेस डग्डेल कडाडली, “मरतुकडी कुणाला म्हणतेस गं? माझ्या रॉयची बंडी बघ, लोकरीची आहे!”

“माझ्या जावेची आहे ती! सकाळपासून तिसऱ्या पोराच्या अंगात चाललीय.”

“गल्लीची अब्रू वेशीवर टांगतेस होय? जीभ आवर, भवाने!”

बायका ॲनीवर तुटून पडल्या. ती मात्र टेबलावर वाकली होती. हिल्डाच्या कार्डावरची शाई तिनं बोटानं घासून पाहिली. मग खालचं कार्ड उचललं, मग त्याखालचं.

“ही तर कालची शाई आहे,” ती म्हणाली. “पोरं बघायच्या आधीच लिहून मोकळे?”

क्रॅग धावले, पण एका कार्डावर ॲनीचा हात थबकला. ते कार्ड तिनं मिसेस डग्डेलच्या हातात दिलं.

फ्लॉरी डग्डेल. वय सात. पोषण साधारण.

फ्लॉरीला नोव्हेंबरात पुरलं होतं. छातीनंच गेली. मी तिच्या मयताला गेले होते, आणि काल नाव न वाचता लिहिलं होतं.

“कारकुनी चूक,” क्रॅग घाईनं म्हणाले. “ओल्ड्रॉइडबाई, फाडा ते. नवी कार्डं काढा.”

“चूक नाही, सर. दरवर्षीची रीत आहे. मी फाडणार नाही, आणि पोर नीट तपासल्याशिवाय लिहिणारही नाही.”

“नोकरीला मुकाल!”

“मुकेन.”

एव्हाना बायका दार अडवून भिंतीसारख्या उभ्या होत्या. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, बायकांकडे पाहिलं आणि हिल्डाला परत बोलावलं. या वेळी दहा मिनिटं लागली. स्वतःच्या हातानं त्यांनी लिहिलं: छातीला धोका, मोकळ्या हवेच्या शाळेत तातडीनं पाठवावे.

ॲनी हुंदका देऊन खाली बसली. कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला, “शाब्बास, बाई!”

मिसेस डग्डेल पुढे आली. ते कार्ड तिच्या मुठीत चुरगळलं होतं.

“हे गेल्या वर्षी, माझ्या फ्लॉरीच्या वेळी का नाही सुचलं, बाई?”