गाडीबाहेर काढलेल्या चपला

रेवणप्पाचा बैलबाजारात दरारा असा, की तो दावणीपुढं नुसता येऊन उभा राहिला तरी म्हातारे बैल पोट आत ओढून घेत. शेपटी पाहून बैलाच्या आज्याचा स्वभाव सांगायचा म्हणतात. पुढं बैल गेले, एमआयडीसीत टॉवेलांचा कारखाना आला, तोही पोरगा विरेश बघू लागला. पण डोळा मात्र तसाच राहिला. आज त्या डोळ्याला काम लागलं होतं जुन्या गाड्या विकणाऱ्या इसूफभाईच्या अंगणात, एका वापरलेल्या पण उंची गाडीपुढं.

कारण होतं निंगव्वाचा गुडघा. निंगव्वा रेवणप्पाची बायको; तिचं माहेर वळसंग, उण्यापुऱ्या अर्ध्या तासाच्या वाटेवर. पण ऑपरेशन झाल्यापासून तीन वर्षं तिनं माहेरची वेस पाहिली नव्हती. घरची जीप एवढी उंच, की तिला चढवायला स्टूल आणि दोन माणसं लागत. जावयाची गाडी एवढी बुटकी, की तिच्यातून निंगव्वाला विहिरीतल्या घागरीसारखं ओढून काढावं लागे. थोरला भाऊ सिद्धाप्पा दर सोमवारी फोनवर विचारी, "कवा येतीस?" आणि ती म्हणे, "गुडघ्याला इचारून सांगते."

निघतानाच रेवणप्पानं तिला बजावलं होतं, "तितं गाडीला चांगलं म्हनायचं न्हाय. गिऱ्हाइकानं कौतुक केलं की दावणीचा बैलबी भाव खातो."

"मी कशाला म्हनतीय?"

इसूफभाईनं सुरुवात केली, "अण्णा, एका डॉक्टरची गाडी हाय. एकहाती, दुसरा मालकच न्हाय."

सोलापुरात जुन्या गाड्यांचे जेवढे डॉक्टर मालक ऐकू येतात, तेवढे खरोखर असते तर गावात कुणी खोकलंच नसतं. रेवणप्पानं चाकाच्या खाचांत बोट घालून गाडीचं वय काढलं, कुशीवर थाप मारली, मागं जाऊन उकिडवा बसून पाहिलं.

"अण्णा, वय कागदावर लिवलंय की!"

"कागद बैलाच्याबी गळ्यात बांधत्यात."

तेवढ्यात निंगव्वानं दार उघडलं. बैठक नेमकी तिला टेकता येईल अशा उंचीवर. ना स्टूल, ना माणूस. नुसती वळली आणि बसली. पाय लांब केला आणि दिल्या शब्दाला जागून म्हणाली, "ह्या! ही काय गाडी हाय? मऊ इतकी, की कंबर कुटं गेली कळंना. आन् हे गार वारं? मानूस आजारी पडंल."

रेवणप्पा मनात खूश झाला. सोबत आलेला विरेश म्हणाला, "अप्पा, अव्वाला एक चक्कर मारून आणतो." गाडी गेली.

रेवणप्पानं खांद्यावरचा टॉवेल काढून दोघांच्या हातांवर पसरला. बैलबाजारात भाव तोंडानं ठरत नाही. कापडाखाली बोटं धरून ठरतो. इसूफभाईचा बाप बैलांचा दलाल, त्याला काय शिकवायचं? तोंडानं एकोणीस लाख सांगितले होते. रेवणप्पानं चार बोटं दाबली, म्हणजे चार लाख कमी करा. इसूफभाईनं एकच परत दाबलं, म्हणजे एकच लाख. अर्धा तास गेला, तास गेला. टॉवेल घामानं असा भिजला, की पिळला असता तर कारखान्याची टाकी भरली असती.

"आमच्या मंडळीला पसंत न्हाय," रेवणप्पा म्हणाला. "ऐकलंत न्हवं?"

इसूफभाईनं हनुवटीनंच दाखवलं. गाडी उभी होती त्या जागी निंगव्वाच्या चपला, देवळाबाहेर काढाव्यात तशा जोडीनं ठेवलेल्या.

"तीस वर्षं धंदा करतोय, अण्णा. नापसंत गाडीत कोन चपला काढून चढतं?"

रेवणप्पाची बोटं टॉवेलाखाली ढिली पडली. तेवढ्यात फोन वाजला.

"अवो, आमी वळसंगात हाय."

"चक्कर म्हनला हुता न्हवं?"

"चक्करच की. जरा मोठी. सिद्धाप्पा आत बसलाय, उतरंना. भाकरीबी तितंच द्या म्हनतोय." मग आवाज खाली आला, "आन् मी अजून गाडीला चांगलं म्हनले न्हाय हां. अख्खं गाव म्हनतंय. मी एकटीच गप हाय."

तिच्या मागं माणसांचा कालवा होता, आणि त्यात ती हसत होती. तीन वर्षांत असं हसू रेवणप्पानं ऐकलं नव्हतं. त्यानं फोन ठेवला आणि नाक शिंकरायला टॉवेल ओढला, तर तो इसूफभाईच्या हातासकट आला.

इसूफभाईनं हात सोडवला, उठला आणि चपला उचलून छपराच्या सावलीत ठेवल्या. "उनात तापत्याल. वैनींचे पाय भाजायचे."

रेवणप्पा त्या चपलांकडं बघत राहिला. मग त्यानं टॉवेल पुन्हा पसरला आणि चारांतली तीन बोटं मुकाट मिटून घेतली. उरलेलं एक इसूफभाईनं घट्ट धरलं.

"हे एक लाख चपलांच्या नावानं कमी," इसूफभाई म्हणाला. "दिलं!"

निंगव्वा अजूनही त्या गाडीला नावंच ठेवते. दर सोमवारी, वळसंगच्या वाटेवर, चपला घरी ठेवून.