शेवटच्या कडव्यातलं नाव

अप्पारावांनी वहीतलं एकोणतिसावं गाणं वाचून संपवलं आणि त्याच्यापुढची पेन्सिलीची खूण खोडरबरानं पुसून टाकली. सकाळपासून अशा सात खुणा करून झाल्या होत्या आणि सातही पुसून झाल्या होत्या. लाल कापडी बांधणीची ती लांबलचक वही त्यांच्या पाणीपुरवठ्यातल्या नोकरीच्या काळातली होती. पहिल्या चार पानांवर अजून व्हॉल्व्ह उघडल्याच्या आणि बंद केल्याच्या वेळा होत्या, पाचव्या पानापासून गाणी सुरू होत होती.

नातीला, निशाला, रविवारी बारावं वर्ष लागणार होतं. ती गारखेड्यात आईबापांजवळ राहायची. बापानं, म्हणजे अप्पारावांच्या मुलानं, सुयशनं, तिला वाढदिवसासाठी गाणी ऐकायचा छोटा स्पीकर आधीच घेऊन ठेवला होता. आजोबांनी काय द्यायचं, हे तिनं स्वतःच फोन करून ठरवून टाकलं होतं.

“आजोबा, ड्रेस नको, सायकल नको. मला तुमचं एक गाणं पाहिजे. तुम्ही लिहिलेलं, तुमच्या आवाजात. मी ते पाठ करणार आणि गाण्याच्या क्लासमध्ये म्हणणार.”

“बस, एवढंच?”

“एवढंच काय? आमच्या क्लासमध्ये दुसऱ्या कोणाचे आजोबा कवी आहेत?”

अप्पाराव दोन दिवस या वाक्यावर खूश होते. एके काळी ‘अप्पाराव आणि पार्टी’चा गाण्याचा कार्यक्रम म्हटलं, की खुलताबादपासून सोयगावपर्यंत लोक सतरंजी टाकून जागा धरायचे. आता जयंतीला त्यांच्या भावसिंगपुऱ्यातसुद्धा माणसाच्या उंचीचे स्पीकर लागत आणि अप्पाराव पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली तरी कानात कापूस घालून बसत. पेटी माळ्यावर गेली होती. त्यांना कवी म्हणणारी या जगात एकटी निशा उरली होती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी वही काढली आणि खरी पंचाईत तिथं झाली. वहीत एकेचाळीस गाणी होती आणि त्यातली अप्पारावांची तीन होती. एक दारूबंदीवर होतं. दुसरं कुटुंबनियोजनावर होतं, ते अकरा वर्षांच्या मुलीला वाढदिवसाला देणं बरं दिसलं नसतं. तिसरं एका नगरसेवकाच्या सत्कारासाठी रचलेलं. तो गृहस्थ पुढच्याच निवडणुकीत पडला, त्यामुळे गाणं एकदाच म्हटलं गेलं. बाकीची अडतीस त्यांच्या बायकोची, चंपाबाईंची होती.

हे वहीवरून कोणाला कळलं नसतं. अक्षर सगळं अप्पारावांचं होतं आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात नावही त्यांचंच होतं. गायन पार्ट्यांची रीतच तशी होती. शेवटच्या कडव्यात कवीनं आपलं नाव ओवायचं, म्हणजे गाणं कोणाचं ते ऐकणाऱ्याला कळतं. बिननावाचं गाणं दुसरी पार्टी आठवडाभरात उचलून न्यायची. पार्टी अप्पारावांची, आवाज अप्पारावांचा, मॅट्रिक झालेले घरात तेच. चंपाबाई भाकरी थापता थापता ओळी सांगायच्या, ते लिहून घ्यायचे आणि शेवटच्या कडव्यापाशी आल्यावर ‘अप्पाराव सांगे’ हे शब्दही चंपाबाईच सांगायच्या. त्यांनी कधी तक्रार केली नाही आणि अप्पारावांनी कधी विचारलं नाही. चाळीस वर्षं हे इतकं सुरळीत चाललं होतं, की त्यात काही वावगं आहे असं त्यांना कधी जाणवलंच नव्हतं.

आता एक पोर भर क्लासमध्ये उभी राहून हे माझ्या आजोबांनी लिहिलं असं सांगणार होती, आणि त्यांना लाज वाटत होती. खरं सांगावं तर ती कवी म्हणायची थांबेल. न सांगावं तर ही थाप तिच्या तोंडून क्लासभर जाईल.

चंपाबाई समोरच अंबाडीची पानं खुडत बसल्या होत्या.

“निशीला कोणतं देऊ?” अप्पारावांनी विचारलं.

“तुमच्या नातीला काय आवडतं ते तुमालाच ठावं.”

“पाटीचं बरं राहील का?”

चंपाबाईंचे हात थांबले नाहीत. “ते लई जुनं हाय,” एवढंच त्या म्हणाल्या आणि देठांचा ढीग सुपात लोटून आत गेल्या.

पाटीचं गाणं वहीत बाराव्या नंबरला होतं. सोयगावच्या शाळेत तिसरीत असताना चंपाबाईंची पाटी फुटली होती. घरात धाकटी भावंडं सांभाळायला कोणी नव्हतं, तेव्हा नवी पाटी आली नाही आणि तिथंच शाळा संपली. हे त्यांनी अप्पारावांना लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं, नंतर गाणंच आलं. ‘पाटी फुटली तर फुटू दे बाई, अक्षर फुटू देऊ नको.’ शेवट होता, ‘अप्पाराव सांगे, माझ्या लेकी, चुलीपाशी तू बसू नको.’ अप्पारावांनी ते शेवटचं कडवं आज चार वेळा वाचलं. त्यांची स्वतःची पाटी कधी फुटली नव्हती आणि चुलीपाशी ते कधी बसले नव्हते. त्यांनी वही पिशवीत घातली आणि पायात चपला सरकवल्या.

रामकिसन पूर्वी त्यांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचा. आता मुकुंदवाडीत एका गाळ्यात त्यानं गाणी रेकॉर्ड करायची खोली थाटली होती. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, मध्ये माईक, कोपऱ्यात कॉम्प्युटर. जयंतीच्या आधीचे दोन महिने पोरांची रांग लागायची, एरवी निवांत असायचं.

“या अप्पा. कुठलं घ्यायचं?”

“पाटीचं.”

“वहिनींचं व्हय,” रामकिसन म्हणाला आणि मग त्यानं हेडफोन उचलून शर्टाच्या टोकानं बराच वेळ पुसले.

चाळीस वर्षांत हे कोणी बोललं नव्हतं. सगळ्या पार्टीला माहीत होतं, कोरसवाल्यांना, पेटीवाल्याला, टेम्पोच्या ड्रायव्हरलासुद्धा. अप्पारावांना एवढे दिवस वाटत होतं, की ही गोष्ट घरातल्या घरात आहे.

“ढोलकी तूच वाजव,” ते म्हणाले. “त्या मशीनमधली नको.”

रामकिसननं कपाटावरून ढोलकी काढली, चामड्यावरची शाई जरा तपासली, बोटानं एक थाप मारून पाहिली. पहिल्या वेळी अप्पारावांनी गाणं सरळ, सवयीनं, जसं होतं तसं म्हटलं. वरच्या सुरात आवाज थोडा चिरकला. रामकिसन म्हणाला, चालतंय, वयाचं हाय, गोड वाटतं. अप्पाराव घोटभर पाणी प्यायले आणि भिंतीवरच्या पुठ्ठ्यांकडे बघत राहिले.

“शेवटचं कडवं परत घे.”

“कशाला? बरं आलंय की.”

“घे तर.”

ढोलकी सुरू झाली. अप्पारावांनी डोळे मिटले आणि ‘चंपाबाई सांगे, माझ्या लेकी’ असं म्हटलं. रामकिसनचा हात एकदाही चुकला नाही. त्यानं कडवं संपेपर्यंत वाजवलं, शेवटची थाप दिली, उठून बटण बंद केलं.

“तालात बसलं का?” अप्पारावांनी विचारलं.

“अर्धी मात्रा सांडती. पण बसलं.”

“मग हेच ठेव.”

“पहिलं पुसू?”

अप्पारावांनी वही मिटून पिशवीत घातली. “पूस,” ते म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांनी गाणं निशाच्या फोनवर पाठवलं. घरात काही सांगितलं नाही. चंपाबाईंना काय सांगायचं याची त्यांनी मनात दोन-तीन वाक्यं जुळवली होती, पण ती सगळी भाषणासारखी वाटत होती. दुपारभर ते फोन हातात धरून बसले. फोन पाचच्या सुमाराला आला. अप्पारावांना कानाला कमी ऐकू यायचं, म्हणून घरात फोन नेहमी स्पीकरवरच असायचा.

“आजोबा, खूप भारी आहे. मी सकाळपासून आठ वेळा ऐकलं.”

“आवडलं ना बाळा?”

“हो. पण शेवटी आजीचं नाव कसं काय?”

चंपाबाई दारात कपडे घडी करत होत्या. अप्पारावांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

“आजीनं लिहिलंय म्हणून,” ते म्हणाले. “ज्यानं लिहिलं त्याचं नाव शेवटी येतं.”

“अच्छा. मग तुमचं कोणतं?”

“माझं हाय एक,” ते म्हणाले, “कुटुंबनियोजनावर. तू मोठी झाल्यावर देईन.”

निशा हसली. अप्पारावांनाही हसू आलं.

“आजी कुठंय? आजी, तू ऐकलं का? थांब, लावते.”

गारखेड्यातल्या त्या छोट्या स्पीकरवरून अप्पारावांचा आवाज फोनमधून परत घरात आला. चंपाबाई हातातली घडी घेऊन खाली बसल्या. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. स्वतःचं नाव आलं तेव्हा त्यांनी फक्त पदर सारखा केला. गाणं थांबलं.

“आजी? कसं वाटलं?”

“निशे, हे एवढ्यात पाठ करू नको.”

“का?”

“दुसरं कडवं कच्चं हाय. ओढा म्हटलं म्हणून पुढं घोडा आणलाय. आमच्या सोयगावात कोणाच्या दारात घोडा व्हता? नुसतं जुळवलंय ते.”

“पण ते तूच लिहिलंय ना?”

“मीच. तवा आजोबांच्या नावावर जायचं व्हतं, म्हणून चालून गेलं.”

हे त्यांनी भाजीत मीठ जास्त झालंय असं सांगावं तितक्या साध्या आवाजात सांगितलं. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. पलीकडे निशा काय समजायचं ते समजली आणि मग कधी देशील म्हणून विचारू लागली.

“उद्या,” चंपाबाई म्हणाल्या. “न्हाई तर परवा. नीट झाल्यावर.”

फोन बंद झाला. चंपाबाईंनी उरलेले कपडे बाजूला सारले आणि भिंतीला टेकल्या.

“वही आणा,” त्या म्हणाल्या.

अप्पाराव उठले. पिशवीतून वही काढली, चष्मा शोधला, बारावं गाणं उघडलं. दुसऱ्या कडव्यावर त्यांनी एक आडवी रेघ मारली. मग पेन तसंच हातात धरून ते समोर बसून राहिले, चंपाबाईंना पुढची ओळ सुचेपर्यंत.