उकळूनही उरलेलं

ज्या नळीत युबिक्विटिन घातलेलंच नव्हतं, त्या नळीतही प्रथिनाचे तुकडे पडत होते.

ज्यूंचा पेसाहचा सण तोंडावर आला होता आणि हैफातल्या त्या प्रयोगशाळेत तिर्झा ओहायोन सकाळपासून त्याच आकड्यांकडे पाहत बसली होती. युबिक्विटिन हे इवलंसं, घट्ट घडीचं प्रथिन. पेशीला जे प्रथिन मोडीत काढायचं असतं, त्याला ते आपल्या शेपटाकडून, खूण म्हणून चिकटतं. एकावर एक जोडून साखळी झाली की मोडणारी यंत्रणा कामाला लागते. खूण नाही, तर मोड नाही. तिर्झाचा प्रबंध या एका विधानावर उभा होता.

"सणानंतरही हेच दिसलं, तर विषय बदलावा लागेल," तिचा मार्गदर्शक एल्कना म्हणाला. "नाहीतर भांडी घासायला शीक."

"मी प्रत्येक नळी उकळून घेते. तुझ्या कॉफीच्या कपाला मागच्या पेसाहपासून पाणी लागलेलं नाही."

"कप प्रबंध लिहीत नाहीये."

सणाआधी तिची आई घरातली भांडी एकाच मोठ्या पातेल्यात, खळखळत्या पाण्यातून काढी. उकळलं की मागचं सगळं गेलं, हा घरचा नियम तिर्झाने न तपासता इथे आणला होता. त्या दुपारी तिने नळ्या दोनदा उकळल्या. तुकडे वाढले.

मळ असता, तर ते कमी व्हायला हवे होते.

"एल्कना, युबिक्विटिन आपण वेगळं कसं करतो?"

"परीक्षा घेतेस माझी? रक्तपेशींचा रस उकळतो. बाकीची प्रथिनं अंड्यासारखी गोठतात, ते तेवढं पाण्यात..." तो थांबला. "अगं बाई."

तिने न उकळलेल्या, कोऱ्या नळ्यांची पेटी फोडली. संध्याकाळी आकडे आले: एकही तुकडा नाही. तिर्झाने एल्कनाला हाताला धरून फडताळांच्या मधल्या वाटेत दोन गिरक्या घ्यायला लावल्या.

"आईला सांगणार?" त्याने धापा टाकत विचारलं.

"तिच्या पातेल्याला नावं ठेवून? सणाच्या रात्री उपाशी बसवेल मला."

मग तिने टिपण लिहिलं. युबिक्विटिनच्या बाटल्या आणि प्रयोगाच्या नळ्या एकाच पाण्यात उकळल्या गेल्या. उकळण्याने ते नष्ट होत नाही. ते सगळ्या नळ्यांना लागलं. शिवाय खूण म्हणून लागलेलं युबिक्विटिन स्वतः मोडत नाही, सुटून पुन्हा वापरलं जातं. म्हणून लेशभरही पुरलं.